सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना

४ सप्टेंबर, गुरुवार

बाबांच्या घशातून काढलेली गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आईने आधी त्यांचे आभार मानले, मग देवाचे, मग घाईघाईने पुन्हा डॉक्टरांचे, कोणी रुसायला नको म्हणून. घरी आल्यावर मी अडगळीच्या खोलीत जाऊन दार लावले आणि पेट्यांच्या मधल्या जागेत गुडघे टेकले. शब्द सुचेनात. नुसते "धन्यवाद, धन्यवाद" होत राहिले. एवढे मोठे दान मिळाले आणि द्यायला माझ्याकडे एकच शब्द, तोही झिजलेला.

आता घशाला पूर्ण विश्रांती हवी. बोलायचे नाही, कुजबुजायचेही नाही. आईने माझी जुनी पाटी शोधून काढली आणि बाबांच्या हातात खडू दिला. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक आहेत, तिथे दिवसभर तोंड न उघडता त्यांचे चालते. अडचण रविवारची आहे. चर्चमध्ये मंडळीच्या वतीने इतरांसाठी मागण्याची मध्यस्थीची प्रार्थना मला आठवते तेव्हापासून तेच करत आले आहेत.

संध्याकाळी पाळकसाहेब भेटायला आले. चहा घेताना म्हणाले, "मग रविवारचं काय करायचं? वरच्या पट्टीच्या काकू तयार आहेत म्हणे."

गायनमंडळात त्या सगळ्यांच्या वर गातात, म्हणून हे नाव आमच्या घरात पडलेले आहे. ते पाळकसाहेबांच्या घरापर्यंत पोचले आहे हे आम्हाला माहीत नव्हते. आई चहा गाळता गाळता थांबली. बाबांनी मात्र खडू उचलला आणि त्याचे टोक माझ्याकडे रोखले.

"मी? बाबा, मला नाही जमणार."

पाटीवर लिहून आले : जमेल.

चार लोकांसमोर मला बोलता येत नाही. माझी शाळा म्हणजे आमचे जेवणाचे टेबल. आई गणित घ्यायची, बाबा भाषा. हात वर करून बोलायची सवयच लागली नाही. पण खरे कारण ते नाही. खरे कारण इथेच लिहू शकते. बाबांची रविवारची प्रार्थना मला कधीच आवडली नाही. किती लांब! आणि दर आठवड्याला तीच वाक्ये : वाटेवर असलेल्यांना सांभाळ, ज्यांना झोप लागत नाही त्यांच्या उशाशी बस, जे वाट पाहतात त्यांना धीर दे. माझ्या निबंधातला एक सैल शब्द दिसला तरी समासात "नेमकं लिही" असे लिहिणारा माणूस देवासमोर एवढा मोघम कसा होतो? मला वाटायचे, ही प्रार्थना लोकांना ऐकवण्यासाठी आहे. अजूनही वाटते. बाबा बरे झाले त्याच दिवशी मी हे लिहिते आहे. क्षमा कर.

७ सप्टेंबर, रविवार

झाली एकदाची. आजाऱ्यांना बरे कर, दुःखितांचे सांत्वन कर, आमेन. हात इतके थंड पडले होते की नंतर गीतपुस्तकाची पाने सुटी होईनात.

बाहेर वरच्या पट्टीच्या काकू म्हणाल्या, "छान हो! पण सुरू झाली म्हणेपर्यंत संपली. मी अजून चष्माच काढत होते."

घरी येईपर्यंत मी ठरवत होते की हे शब्द टोमणा म्हणून घ्यायचे की कौतुक म्हणून. आई म्हणाली, "दोन्ही समज आणि भाज्या चिरायला घे."

१० सप्टेंबर, बुधवार

आज मावशींनी माझ्यावर फार मोठा विश्वास टाकला.

मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नाही. पडद्यांच्या दुकानाच्या मालकीण. सगळेच त्यांना मावशी म्हणतात. चर्चमध्ये त्या खिडकीजवळच्या बाकावर बसतात. घराबाहेरची ही माझी पहिलीच नोकरी. दोन मशीन, एक लांबलचक टेबल, वाफेची इस्त्री आणि भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे. मागच्या महिन्यात मी एक अख्खे अस्तर उलट्या बाजूने शिवले, तेव्हा मावशी एवढेच म्हणाल्या, "उसवायला शिवण्यापेक्षा जास्त अक्कल लागते, म्हणजे आज तू दोन गोष्टी शिकशील." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी काहीही करायला तयार आहे.

आज दांड्या बसवणारे काका गिऱ्हाइकाकडे गेले होते. आम्ही दोघीच होतो. मावशींच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून त्यांनी उशीला टोचल्या आणि म्हणाल्या, "रविवारची प्रार्थना आता तुझ्याकडे आहे ना? माझ्या पोराला आठवणीत ठेव."

"ते प्रशिक्षणाला गेलेत ना बाहेरगावी?"

"असं मी सांगते." त्या कापडाची कड जुळवत राहिल्या. "तो व्यसनमुक्ती केंद्रात आहे. दारू. तुझ्या बाबांना तेवढं माहीत आहे. महिनाअखेरीला सुटेल. आमचं दोघांचं ठरलंय, की घरी आला की पहिल्या रविवारी माझ्या शेजारी चर्चमध्ये बसायचं. चारचौघांसारखं. प्रशिक्षणावरून आल्यासारखं. तेवढं झालं ना, की मला बाकी काही नको."

मी "हो" म्हटले. मला आणखी काहीतरी म्हणायचे होते, पण त्यांनी पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या होत्या.

१३ सप्टेंबर, शनिवार

तीन दिवस याच विचारात आहे. मावशींनी रविवारच्या प्रार्थनेचे नाव घेऊन सांगितले. म्हणजे रविवारी, सगळ्यांबरोबर. मग मी काय म्हणू? "वाटेवर असलेल्यांना सांभाळ"? मुलगा वाटेवर नाही, केंद्रात आहे. प्रशिक्षणाला गेला आहे असे म्हणू? प्रार्थनेत खोटे बोलू? आणि मंडळीला काय मागायचे हेच कळले नाही, तर ती माझ्याबरोबर मागणार कशी?

बाबांना विचारणार होते, पण ते मुद्रिते तपासता तपासता खुर्चीतच झोपले होते. शिवाय त्यांनी आयुष्यभर मला एकच गोष्ट शिकवली आहे. नेमकं.

१४ सप्टेंबर, रविवार

आज पहिल्यांदा वाटले की माझी प्रार्थना पोचली.

मी मावशींच्या मुलाचे नाव घेतले. दारूचे नाव घेतले, केंद्राचे नाव घेतले, आणि त्याला तिथे बळ मिळो असे मागितले. घाबरले नाही. मंडळी इतकी शांत झाली की बाहेरून जाणाऱ्या सायकलची साखळी ऐकू आली. मागच्या रविवारी लोक माझ्या प्रार्थनेत खोकत होते. आज कोणी खोकलेसुद्धा नाही.

उपासनेनंतर मावशींच्या भोवती खूप जण जमले. काकूंनी तर त्यांचे दोन्ही हात धरले. मला बरे वाटले. इतके दिवस त्या हे ओझे एकट्या वाहत होत्या. त्या चहाला मात्र थांबल्या नाहीत. बहुधा डोके दुखत असेल. खिडकीच्या बाजूला ऊन येते.

बाबांनी वाटेत पाटी काढली आणि काहीतरी लिहिले. मग माझ्या तोंडाकडे पाहिले आणि बाहीने पुसून टाकले.

१५ सप्टेंबर, सोमवार

मला आता सगळे कळले आहे.

मावशी सकाळपासून फक्त कापडाबद्दल बोलत होत्या. "ते घे. हे दाब. इथे दोन बोटं सोड." मी दोनदा विचारले, बरं वाटत नाही का? "अस्तर सरळ आहे का बघ." दुपारी दांड्यावाले काका आले आणि त्यांनी तोंड उघडले. ते चर्चला येत नाहीत, तरी त्यांना माहीत होते.

"मावशी, पोराचं ऐकलं. वाईट वाटलं हो. आमच्या गल्लीत सगळे म्हणत होते."

मावशी शिवतच राहिल्या. काका गेल्यावर त्यांनी मशीन थांबवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काल रात्री त्याचा फोन आला होता. त्याच्या एका मित्राने त्याला सांगितलं, चर्चमध्ये तुझ्या नावाचा पुकारा झाला म्हणून. तो म्हणाला, आई, मी आता त्या गावात येत नाही. केंद्रातून थेट दुसरीकडे कुठेतरी जाईन."

"मावशी, मला वाटलं तुम्हीच..."

"मी म्हटलं होतं, आठवणीत ठेव." त्या म्हणाल्या. "आठवणीत."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. घरी येताना मी रस्त्याच्या चुकीच्या बाजूने चालत होते आणि एका बाईने हात धरून मला बाजूला ओढले. तिचे आभार मानायचे राहिले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

तीन दिवस विचार करून ठरवले होते : रविवारी सर्वांसमोर उभे राहायचे आणि कबूल करायचे. मी मोठे पाप केले, एका आईचा विश्वास मोडला, मंडळीने मला क्षमा करावी. बाबांना सांगितले. सांगतानाच रडू आले.

त्यांनी पाटीवर लिहिले : म्हणजे तिच्या मुलाचा विषय पुन्हा निघणार.

मी म्हटले, "पण माझी चूक सगळ्यांसमोर झाली, मग क्षमाही..."

त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली : रडशील तेव्हा लोक कोणाकडे बघतील? तिच्याकडे की तुझ्याकडे?

मला राग आला. मग राग आल्याची लाज वाटली. मग लाज वाटते आहे हे बरे लक्षण आहे असे वाटले, आणि त्याचीही लाज वाटली. आई शेजारच्या खोलीतून ओरडली, "दोघांनी भांडायचं असेल तर जरा मोठ्याने भांडा, मला काही कळत नाहीये."

२१ सप्टेंबर, रविवार

मावशी चर्चला आल्या नाहीत.

उपासनेआधी काकूंनी मला गाठले. त्यांनी एक योजना केली होती : शेवटच्या गीताआधी सगळ्यांनी उभे राहायचे, हात धरायचे आणि त्या मुलाचे नाव घेऊन एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. "अश्रू यायला हवेत गं," त्या म्हणाल्या. "मावशींना कळू दे, मंडळी त्यांच्यामागे उभी आहे."

"नको," मी म्हटले.

"का?"

"मावशींना आवडणार नाही" एवढेच म्हणाले, आणि ते इतके हळू की काकूंनी "काय?" म्हटले. मग मी जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, "त्यांना आवडणार नाही! मी एकदा केलंय, पुन्हा नको!" गायनमंडळातल्या सगळ्या माना वळल्या. काकूंचा चेहरा पडला. "बरं बाई," त्या म्हणाल्या. "तुझंच खातं आहे ते."

देवा, या बाईंबद्दल माझ्या मनात जे येते ते येऊ देऊ नकोस. त्यांना सगळे मोठ्याने हवे असते. गाणे मोठ्याने, आमेन मोठ्याने, दुःखसुद्धा.

प्रार्थनेत मी आजाऱ्यांना बरे कर म्हटले आणि खाली बसले.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज मावशी बोलल्या.

आम्ही एका मोठ्या खोलीचे पडदे करत होतो. एकीने कापड धरायचे, दुसरीने चुण्या घालायच्या; त्यामुळे समोरासमोर उभे राहावेच लागते. मी म्हटले, "मावशी, मी कामावर येऊ नये असं वाटत असेल तर सांगा."

"आणि चुण्या कोण घालणार? तुझी काकू?"

मला हसावे की नाही कळेना. त्यांनी कापड खाली ठेवले.

"तुला एक सांगू? तुझे बाबा दर रविवारी म्हणायचे ना, ज्यांना झोप लागत नाही त्यांच्या उशाशी बस. मी त्यांना पोराचं सांगितलं, त्याच्या पुढच्या रविवारी ते वाक्य पहिल्यांदा आलं. त्याआधी नव्हतं. ते वाक्य आलं की मला कळायचं, हे माझं. रात्र रात्र जागायचे मी त्याची वाट बघत. माझ्या पुढच्या बाकावरच्या बाईला कळत नव्हतं, मागच्याला कळत नव्हतं. मी डोळे मिटून बसायचे आणि भर चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना चाललेली असायची, कोणालाही पत्ता न लागता."

"आणि वाटेवर असलेले?"

"ते दुसऱ्या कोणाचं तरी असेल. मी कधी विचारलं नाही."

मी कापड धरून उभी राहिले. त्या लांबलचक प्रार्थनेतले एकेक वाक्य आठवू लागले. प्रत्येकाखाली कोणीतरी बसलेले होते. मला वाटत होते बाबा लोकांना ऐकवतात. ते लोकांना झाकत होते.

"धर नीट," मावशी म्हणाल्या. "घडी सुटतेय."

घरी येऊन मी बाबांच्या पायाशी बसले आणि म्हटले, "मी तुमच्याबद्दल फार वाईट विचार केला." त्यांनी पाटीवर लिहिले : कधी? मी म्हटले, "बरीच वर्षं." त्यांनी लिहिले : चहा कर.

२७ सप्टेंबर, शनिवार

मावशी मुलाला भेटायला निघाल्या होत्या. मी विचारले, मी येऊ का? त्या म्हणाल्या, "त्याला विचारते." फोन ठेवून म्हणाल्या, "ये म्हणतो. म्हणाला, बघू तरी."

केंद्र म्हणजे एक साधे बैठे घर, मागे अंगण. तो खुर्च्यांना रंग देत होता. हात निळे झालेले. मावशींसारखेच भुवया उचलून बघणे.

"ह्याच त्या?" त्याने आईला विचारले.

"ह्याच."

"आवाज लहानच आहे की तुमचा. मला वाटलं, चांगला दणदणीत असेल."

मी पाठ केलेले सगळे विसरले. "चूक झाली," एवढेच म्हटले. "मला वाटलं नेमकं बोलावं."

"नाव घेतलंत?"

"हो."

"आडनावासकट?"

"नाही. मला वाटलं, देवाला आडनाव लागत नाही."

तो हसला. मग मावशी हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पाणी आणायला आत गेल्या.

मग तो ब्रश डब्यात ठेवून म्हणाला, "हे बघा, लोकांना कळलं त्याचं मला आता फारसं काही नाही. कधीतरी कळणारच होतं. चार दिवस संताप झाला, खोटं कशाला बोलू. पण आईला शब्द दिलाय, म्हणून विचार करतोय. बोलतील त्याची भीती नाही. बघतील त्याची आहे. दारातून आत आलं की सगळे वळतात. ते दार ते आईचं बाक. तेवढं अंतर मला प्यायल्याशिवाय चालता येईल असं वाटत नाही. खरंच नाही वाटत."

मी म्हटले, "मला तर तिथे उभं राहिलं की हात थंड पडतात."

"मग तुम्ही काय करता?"

"डोळे मिटते."

त्याने ब्रश पुन्हा उचलला. आम्ही निघताना म्हणाला, "येईन की नाही माहीत नाही. आईला सांगू नका की मी विचार करतोय. आशा लावून बसेल."

आणि हे मी कोणालाही सांगितलेले नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

बाबांना डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. थोडे थोडे. पहिले वाक्य ते काय बोलतील म्हणून आम्ही दोघी बघत होतो. ते म्हणाले, "मीठ." घोगऱ्या आवाजात, पण आवाज! आईने मीठ दिले आणि उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता.

संध्याकाळी मी म्हटले, म्हणजे या रविवारी तुम्हीच. त्यांनी घशाला हात लावून मान हलवली. आई म्हणाली, "दुपारी तर शेजारच्या आजोबांशी फाटकात उभे राहून तासभर..." बाबांनी तिच्याकडे पाहिले. ती गप्प झाली. बाबांना अजून बरीच विश्रांती हवी आहे असे दिसते.

२ ऑक्टोबर, गुरुवार

मुलगा काल घरी आला. बाकी काही ठरलेले नाही.

आज इस्त्री करताना मला एकदम सुचले. वाफेने चष्म्यावर धुके आले म्हणून मी डोळे मिटले होते, आणि तिथेच उभी राहिले. मावशी ओरडल्या, "कापड जळेल!"

"मावशी, अख्ख्या उपासनेत एकच वेळ अशी असते की सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात."

त्यांनी माझ्या हातातून इस्त्री काढून घेतली.

"तुम्ही आधी येऊन बसा. ते बाहेर थांबतील. मी प्रार्थना सुरू केली की आत यायचं. दार आधीच उघडं ठेवू, हवेसाठी म्हणून. आमेन होईल तेव्हा ते तुमच्या शेजारी बसलेले असतील. कोणाकडे वळून बघायला काही उरणारच नाही."

"तुझी प्रार्थना!" मावशी म्हणाल्या. "तो पायरी चढेपर्यंत आमेन झालेलं असेल."

"लांबवीन."

"तू?"

संध्याकाळी मात्र शंकांनी घेरले. एका माणसाला आत घेण्यासाठी केलेली प्रार्थना ही प्रार्थना असते की युक्ती? देवाचे नाव घेऊन लोकांचे डोळे मिटायला लावायचे, हे बरे का? बाबांना सगळे सांगून विचारले. ते हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला आणि आईने मला रागे भरले. त्यात हसण्यासारखे काय होते कळले नाही. मी विचारले तर म्हणाले, "काही नाही. माझी लांब का व्हायची, ते कळेल आता. सावकाश कर. ज्याला उशीर होतो, त्याला होऊ दे."

५ ऑक्टोबर, रविवार

सगळे लिहिते, क्रमाने.

आईने दार उघडे ठेवले. मावशी खिडकीजवळ, शेजारी मोकळी जागा; मुलाला त्यांनी सगळे सांगितले होते, तो "बघू" एवढेच म्हणाला होता. मी पुढे गेले. "प्रार्थना करू या." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी डोळे मिटले.

बाबांची वाक्ये घेतली. एकेक, सावकाश. वाटेवर असलेल्यांना सांभाळ. ते वाक्य कोणाचे ते मला माहीत नाही, पण म्हणताना आज थांबले, त्या माणसाला आत बसायला वेळ मिळावा म्हणून. झोप न लागणाऱ्यांच्या उशाशी बस. वाट पाहणाऱ्यांना धीर दे. सगळी संपली. पाऊल वाजले नाही.

आजाऱ्यांसाठी मागितले. त्यांची सेवा करणाऱ्यांसाठी मागितले. प्रवाशांसाठी, परीक्षा देणाऱ्यांसाठी, ज्यांचे कोणाशी पटत नाही त्यांच्यासाठी. कोणीतरी बसल्या जागी हलले. पाऊल नाही.

मागण्यासारखे काही उरले नाही, म्हणून मी आभार मानू लागले. बाबांच्या घशासाठी. त्या डॉक्टरांच्या हातांसाठी. मिठासाठी. चुकीचे शिवलेले उसवता येते त्यासाठी. रस्त्यात हात धरून बाजूला ओढणाऱ्या अनोळखी बाईसाठी. चहासाठी. खोकणाऱ्यांसाठी, कारण खोकला आला की कळते शेजारी कोणी आहे. मी काय बोलते आहे याकडे माझे लक्षच नव्हते, आणि कशी बोलते आहे याकडे तर मुळीच नव्हते. आत नुसते भरून येत होते. महिन्यापूर्वी माझ्याकडे एकच शब्द होता. आज एकामागून एक निघत होते आणि संपत नव्हते. मध्येच मी विसरलेच की मी कोणाची तरी वाट बघते आहे.

आणि मग पावले वाजली. दारात थांबली. मी बोलत राहिले. आता थांबले तर ती एकटी ऐकू येतील. पायांनी चालता येते त्यासाठी तुझे आभार. दारांसाठी आभार. पावले बाजूच्या वाटेने आली, हळू, पुन्हा थांबली. बाकांसाठी आभार. आयांसाठी आभार. लाकूड करकरले.

"आमेन," मी म्हटले. पण डोळे लगेच उघडले नाहीत. त्याला नीट बसू द्यावे म्हणून.

उपासनेनंतर काकू तरातरा मावशींच्या बाकाकडे गेल्या. मीही मागोमाग गेले. त्यांनी मुलाकडे पाहिले आणि आपल्या वरच्या पट्टीत म्हणाल्या, "अरे! तू इथेच होतास? आमचं मेलं लक्षच नाही! बरं झालं, ही खुर्ची उचल बघू, माझ्याच्याने होत नाही." आणि त्याच्या हातात खुर्ची दिली. त्याने ती उचलली. मग दुसरी उचलली. मावशी बाकावर बसून त्याला खुर्च्या नेताना बघत होत्या, जणू खुर्च्या नेणे ही जगातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

वाटेत काकूंनी मला ऐकवले, "बाबांवर गेलीस अगदी. मान दुखली हो माझी." मी "सॉरी" म्हटले.

घरी आल्यावर आईला विचारले, कोणी डोळे उघडले नाहीत ना?

"मी उघडले होते. एक. काही हवं नको बघायला कोणी नको का?" आई म्हणाली. मग ताटे मांडता मांडता म्हणाली, "आणि गायनमंडळातून एकीने. तो दारात अडकून उभा होता ना, पाऊल पुढे टाकवेना त्याला, तेव्हा तिने त्याच्याकडे बघितलं. हाताने असं केलं, ये म्हणून. आणि पुन्हा डोळे मिटून घेतले."

"कोणी?"

"कोणी म्हणजे? वरच्या पट्टीने."

मी ताट हातात धरून उभीच राहिले. आई म्हणाली, "ठेव ते खाली, पडेल."